रोकडेनं बदलून घेतलेला शब्द

आनंदा रोकडेला चौकशीच्या खोलीत चहा पिताना कुणी कधी पाहिलं नाही.

अंबरनाथच्या त्या औषध कंपनीत इंजेक्शनच्या बाटल्या भरल्या जात. एखाद्या कामगारावर आरोपपत्र निघालं की वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्याची चौकशी लागायची. टेबलामागं चौकशी अधिकारी म्हणून उल्हासनगरचे वकील मोटवानी बसत. त्यांच्या डाव्या हाताला टायपिस्ट मीनल. समोर आरोप असलेला कामगार, आणि त्याच्या शेजारी, त्याची बाजू मांडायला, मेंटेनन्सचा फिटर आनंदा रोकडे. कामगाराला आपला एक सहकारी सोबत आणता येतो, आणि एकोणऐंशी सालापासून तो सहकारी बहुतेक वेळा आनंदाच असे. अकरा वाजता चहा यायचा. मोटवानी प्यायचे, मीनल प्यायची, भेदरलेला कामगारसुद्धा दोन घोट घ्यायचा. आनंदाचा कप मात्र साय धरून थंड व्हायचा. ह्यांचा चहा पोटात गेला की जीभ जड होते, असं त्याचं म्हणणं.

माणूस तसा दिसायला साधा. बारीक अंगकाठी, खिशात दोन पेनं, ग्रीस कधीच न निघणारी नखं. पण राग कायम नाकावर. कँटीनमध्ये भाजीत मीठ कमी पडलं तरी तो आचाऱ्याशी असा बोलायचा की जणू आचाऱ्यानं मुद्दाम, वरून हुकूम आला म्हणून, मीठ कमी घातलंय. युनियनच्या लोकांशी त्याचं जमत नव्हतं, मेव्हण्याशी बोलणं बंद होतं, आणि बायको विठा म्हणायची, "तुमच्याशी दोन शब्द बोलायचे तर आधी वकील करायला पायजे."

चौकशीची रीत अशी होती. कामगार मराठीत बोलायचा. मोटवानी ऐकून घ्यायचे, खुर्चीत मागं रेलायचे आणि मीनलला इंग्रजीत सांगायचे. मीनल खटाखट टाइप करायची. पानाच्या शेवटी कामगाराची सही. त्याला मोघम सांगितलं जायचं, की बाबा तू बोललास तेच लिहिलंय. बहुतेकांना तेवढं पुरायचं. आनंदाला पुरायचं नाही. कामगाराच्या तोंडातून निघालेलं वाक्य टाइपरायटरपर्यंत पोचेपर्यंत मध्ये काय काय होतं, ह्यावरच त्याचं सगळं आयुष्य पहारा देत बसलं होतं म्हणा ना.

बबनची चौकशी लोकांना बरीच वर्षं आठवत होती. बबन म्हणाला, "सुपरवायझर वाटेत उभे होते, मी हातानं बाजूला सारलं." मोटवानींनी मीनलला सांगितलं, "ही असॉल्टेड द सुपरवायझर."

आनंदा ताडकन उभा राहिला. "असॉल्ट म्हणजे हल्ला. ह्यानं हल्ला केला नाही. पुश केलं."

"रोकडे, एक ही बात है."

"एकच आहे ना? मग पुशच लिहा."

चाळीस मिनिटं त्यावर वाद झाला. मोटवानींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी पानावर पुश आलं आणि बबनची नोकरी चार दिवसांच्या सस्पेन्शनवर वाचली. सोमानं फुटक्या काचेच्या नळ्या पिशवीतून घरी नेल्या, तेव्हा 'स्टोल'च्या जागी 'रिमूव्ह्ड' आणायला आनंदाला दोन दुपारी लागल्या. सुदाम बायकोला दवाखान्यात न्यायला मशीन चालू ठेवून गेला, तर त्याच्या नावापुढं 'डेझर्टेड' लागलं होतं. आनंदा म्हणाला, "डेझर्ट शिपाई करतो, लढाई सोडून पळतो तेव्हा. हा दवाखान्यात गेला. लेफ्ट लिहा." तिथंही त्यानं लिहून घेतलंच.

त्याच्याकडे एक लांबडी वही होती. तिच्यात इंग्रजी शब्दांची कुटुंबं लावलेली होती. घेणं, उचलणं, नेणं, चोरणं हे एका पानावर. ढकलणं, धक्का देणं, मारणं दुसऱ्या. तो नव्या पोरांना सांगायचा, "इंग्रजीत शब्द भाऊबंद असतात. तोंडावळा सारखा, आडनाव एक, पण सातबारा वेगळा. एकाच्या बांधावरचं दुसऱ्याच्या नावावर चढवायला ह्या लोकांना वेळ लागत नाही."

हे वेड त्याला लागलं ते बापापायी. भगवंत रोकडे उल्हासनगरात एका कापड रंगवायच्या कारखान्यात वॉचमन होता. सहासष्ट साली त्याला एका कागदावर अंगठा द्यायला लावून घरी पाठवलं. कागदावर काय आहे हे त्यालाही कळलं नाही आणि घरात कुणालाही. आनंदाची आई सांगायची, अंगात ताप होता, डोक्यावरून घोंगडी घेऊन कारखान्याच्या दारात बसले होते, पण बसले होते. पुढं आनंदा संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकला, बाविसाव्या वर्षी पेटीतून तो कागद काढून त्यानं वाचला. 'फाउंड स्लीपिंग.' झोपलेला सापडला. तोवर बाप वारून दोन वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत वस्तीतली माणसं सहज, हसत बोलायची, की भगवंता ड्यूटीवर झोपा काढायचा. त्या दिवसापासून स्लीपिंग हा शब्द दिसला की आनंदाच्या डोक्यात तिडीक जायची. बाकी शब्दांशी तो भांडायचा. ह्या एका शब्दाशी त्याचं वैर होतं.

आणि मोटवानींशी होतं. मोटवानी उल्हासनगरातच कँप तीनला राहत, आनंदा कँप चारला. बाजारात समोरासमोर आले तर आनंदा मान फिरवून भाजीवाल्याकडे बघायचा. नऊ वर्षांत मोटवानी एकदाही आवाज चढवून बोलले नव्हते, ह्याचाच त्याला जास्त राग. ओरडणारा माणूस परवडला, हा गोड बोलून गळा कापणारा, असं तो विठाला सांगायचा. मोटवानी कंपनीचं मीठ खात होते हे खरंच होतं. पण आनंदाच्या लेखी ते कागदावर खोटं सोडून दुसरं काही लिहूच शकत नव्हते, आणि हे मात्र खरं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात जनाबाईचं प्रकरण निघालं.

जनाबाई वांगणीची. तपासणी खात्यात बारा वर्षं काढलेली बाई. त्या खात्यात बायका ओळीनं स्टुलावर बसत, पुढ्यात अर्धी काळी अर्धी पांढरी फळी, वर ट्यूबलाइट. भरलेली बाटली उचलायची, उजेडात फिरवायची, आत कचऱ्याचा कण दिसतो का बघायचं, खाली ठेवायची. दिवसभर तेच. दिवाळीनंतर कंपनीनं दिवसाचा आकडा वाढवला होता. बायकांत कुजबुज चालली होती, दोघी-तिघींनी हात मंद केले होते, आणि वरच्या साहेबांना जिकडंतिकडं कट दिसायला लागला होता. नेमक्या त्याच आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, जनाबाईचं डोकं टेबलावर टेकलेलं सुपरवायझरला सापडलं. त्यानं घड्याळ लावून वीस मिनिटं मोजली आणि मग उठवलं.

आरोपपत्रात दोन कलमं होती. पहिलं, कामावर झोपणं. दुसरं, स्वतःच्या मर्जीनं, जाणूनबुजून काम बंद ठेवणं. ते वाचून आनंदानं दुसऱ्यावर बोट आपटलं आणि म्हणाला, "ही शेपटी. प्रत्येक आरोपपत्राला लावतात. खरं दुखणं पहिलं आहे."

चौकशीच्या आदल्या दिवशी तो तिला कँटीनच्या मागं घेऊन बसला. जनाबाईच्या घरी नवऱ्याला दमा, सासू अंथरुणाला खिळलेली, दोन मुली शाळेत. शेत होतं ते पावसापुरतं. चूल पेटायची ती तिच्या पगारावर. तिला भीती होती ती एवढ्याच गोष्टीची, की नोकरी जाते की काय.

"भाऊ, माजा डोला लागला व्हता," ती म्हणाली. "भाताची झोडणी चाललीय घरी. पहाटंपासून खल्यावर व्हते, तशीच कामाला आले. कधी डोकं टेकलं मलाच कललं न्हाय. मी सांगते सायबांना. माफी मागते."

"झोप हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"पण झोपलेच व्हते ना."

"डोकं टेकलं होतं. डोळे उघडे होते. दमला होतात, जरा विसावलात. एवढंच सांगायचं."

"उघडे नव्हते, भाऊ. खोटं कशाला बोलू? बारा वर्षांत पहिल्यांदा झालंय. सायेब काय खाईल मला?"

तिची ही समजूत त्याला असह्य झाली. साहेब समजून घेईल, साहेब माफ करील. त्याच्या बापालाही असंच वाटलं असणार. तो उठून उभा राहिला. "ऐका, जनाबाई. झोपले म्हणालात ना, तर मी त्या खोलीतून उठून चालता होईन. मग तुम्ही आणि मोटवानी, बघा काय ते. आणि सांगून ठेवतो, ह्या कंपनीत दुसरा कुणी तुमच्या बाजूला उभा राहणार नाही. मुलींना घेऊन बसा मग खळ्यावर."

जनाबाईनं पदर तोंडाला लावला. तिला त्या दिवशी दोन माणसांची भीती वाटत होती, आणि त्यातला एक तिच्याच बाजूचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरची साक्ष झाली. बाईचं डोकं खाली होतं, हलवल्याशिवाय उठली नाही, एवढं तो बोलला. मग मोटवानी जनाबाईकडे वळले. त्यांचं मराठी हिंदीत बुडवून काढल्यासारखं असायचं. "जनाबाई, घाबरायचं नाही. सीधा सांगा. नींद लगी थी क्या?"

जनाबाईनं आनंदाकडे पाहिलं. आनंदानं समोरच्या भिंतीकडे.

"डोकं टेकलं व्हतं," ती म्हणाली.

"आणि डोळे?"

पायाच्या अंगठ्याकडे बघत ती म्हणाली, "उघडे."

मोटवानींनी पेन खाली ठेवलं. त्यांनी बाईचा चेहरा न्याहाळला, मग सुपरवायझरचा जबाब पुन्हा एकदा बघितला. नंतर मीनलला म्हणाले, "लिखो. शी पुट हर हेड डाऊन अँड फेल अस्लीप."

आनंदाची खुर्ची मागं सरकली. "हे कुठून आलं? ती म्हणाली का झोपले म्हणून? तुम्ही ठरवणार का ती झोपली होती?"

"सुपरवायझर ने हिलाया तब उठी, रोकडे."

"ते सुपरवायझरचं. ही तिची साक्ष आहे. तिनं विश्रांती घेतली. स्लीपिंग नाही, रेस्टिंग लिहा."

मोटवानी पुढं झुकले. "सोच लो. नींद आती है, रोकडे. आराम किया जाता है. दोनो में फरक है."

"फरक आहे म्हणूनच सांगतोय!" आनंदा टेबलावर वाकला. "नऊ वर्षं मी फरकच सांगतोय तुम्हाला. आज तुम्ही मला शिकवू नका."

"रहने दो स्लीपिंग. मैं बोल रहा हूँ, रहने दो."

आता कुणीही थांबून विचार केला असता, की हा माणूस एका शब्दासाठी कधी नव्हे ते विनवणी का करतोय. आनंदाला एकच कळलं, की मोटवानी घाबरलाय. ज्या अर्थी ह्याला स्लीपिंग पाहिजे, त्या अर्थी त्यातच बाईची मान अडकवायचा डाव आहे. त्याला वासच आला म्हणे विजयाचा.

"रेस्टिंग," तो म्हणाला.

"मतलब जागी होती?"

"जागी होती. अवेक लिहा. नुसतं अवेक नको, फुल्ली अवेक लिहा."

"पक्का? तीसरी बार पूछ रहा हूँ. बाद में मत बोलना."

"शंभर वेळा विचारा."

मोटवानींनी जनाबाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. कशाला हलवली हे तिला तरी माहीत असेल की नाही कोण जाणे. "लिखो, मीनल," मोटवानी म्हणाले, "शी वॉज फुल्ली अवेक अँड रेस्टिंग. रेकॉर्डेड अ‍ॅट द इन्सिस्टन्स ऑफ हर रिप्रेझेंटेटिव्ह." मीनलनं टाइप केलं. जनाबाईनं वळणदार अक्षरात, शाळेत शिकवल्यासारखं, आपलं नाव खाली लिहिलं.

त्या दिवशी आनंदा घरी आला तो शीळ घालत. "आज मोटवानीला पाणी पाजलं," विठाला म्हणाला. "नऊ वर्षांत त्याची एवढी कधी जिरली नव्हती. माझ्यापुढं हात जोडायचा बाकी होता."

विठा चपात्या लाटत होती. "आणि ती बाई काय म्हणाली?"

"तिला काय कळतंय त्यातलं."

विठानं लाटणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं आणि परत लाटायला लागली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जनाबाई मेंटेनन्सच्या दारात आली. हातात लांब लिफाफा होता, फोडलेला. "मीनलबाईनं सही घेऊन दिला. वाचा ना भाऊ," ती म्हणाली.

त्यानं हात पुसले आणि वाचायला घेतलं. पहिलं कलम, कामावर झोपणं: नॉट प्रूव्ह्ड. त्याची छाती क्षणभर फुगली. मग दुसरं कलम. बाई पूर्ण जागी होती, विश्रांती घेत होती, असं तिच्याच जबाबात, तिच्याच प्रतिनिधीच्या आग्रहावरून नोंदलेलं आहे. जागा माणूस काम सोडून डोकं टेकतो तो स्वतःच्या मर्जीनं. खात्यात हात मंद करण्याचे प्रकार चालू असताना तिनं ते केलं. सबब जाणूनबुजून काम बंद ठेवल्याचा आरोप: प्रूव्ह्ड. त्याखाली कंपनीचा हुकूम होता, एका ओळीचा. डिसमिस्ड.

"काय लिवलंय?"

"मी बघतो," आनंदा म्हणाला.

"नोकरी ऱ्हायली का गेली? एवढंच सांगा."

त्याला ते मराठीत सांगता येईना. "मी बघतो म्हटलं ना!" तो तिच्यावरच खेकसला आणि लिफाफा घेऊन चालता झाला. जनाबाईला उत्तर शेवटी गेटवरच्या वॉचमनकडून कळलं. त्यानं तिचं हजेरीचं कार्ड काढून घेतलं.

संध्याकाळी आनंदा मोटवानींच्या ऑफिसात घुसला. खाली साड्यांचं दुकान, वर लाकडी जिन्यानं जायचं. चपला न काढता तो आत गेला आणि कागद टेबलावर आपटला. "फसवलंत. माझ्याच तोंडून काढून घेतलंत."

मोटवानींनी त्याला बस म्हटलं नाही. कपाटातून कंपनीच्या नियमांची पातळ चोपडी काढली आणि दोन पानं उघडून समोर ठेवली. डाव्या पानावर किरकोळ गुन्हे. उशिरा येणं, जागा सोडून गप्पा मारणं, कामावर झोपणं. शिक्षा, ताकीद किंवा चार दिवस सस्पेन्शन. उजव्या पानावर मोठे गुन्हे. त्यात तिसरं, जाणूनबुजून काम बंद ठेवणं. शिक्षा, डिसमिस.

"ये किताब तुम्हारे पास भी है," मोटवानी म्हणाले. "सोया हुआ आदमी मर्जी से काम बंद नहीं करता. स्लीपिंग रहता तो दूसरा चार्ज अपने आप गिर जाता. चार दिन घर बैठती, पाँचवे दिन काम पे. मैं वही लिखने वाला था."

"मग सांगायचं होतंत!"

"मैं इन्क्वायरी ऑफिसर हूँ, उसका वकील नहीं. उसका वकील तू था." मोटवानींचा आवाज नऊ वर्षांत पहिल्यांदा चढला. "फिर भी तीन बार पूछा. और कितना बोलता? मेरे मुँह से निकला, इसलिए तेरे को जहर लगा. मैं बोलता सूरज पूरब से निकलता है, तो तू पश्चिम लिखवाता. और एक बात. बाई का मुँह देखा था मैंने. वो सोयी थी. तूने बुलवाया उससे. अब जा."

आनंदाला ती दोन पानं एक शब्द सोडून पाठ होती. बाकी प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यानं वहीत उतरवला होता, पेन्सिलीनं, वेगवेगळ्या दिवशी. स्लीपिंग कुठल्या पानावर आहे हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं, कारण तो शब्द आला की त्याचं वाचणं थांबायचं. जिना उतरताना त्याला मोटवानींचा राग आला, कंपनीचा आला, मेलेल्या बापाचासुद्धा आला. हे सगळे राग जुने होते, ओळखीचे होते, आणि त्यातला एकही त्याला घरापर्यंत पुरला नाही.

रविवारी तो वांगणीला गेला. स्टेशनपासून जनाबाईचं घर वीस मिनिटांच्या चालीवर. झोडणी आटोपून पेंढ्याची उडवी रचून झाली होती. जनाबाई अंगणात भात पाखडत बसली होती. तिनं त्याला पाहिलं, पण सूप थांबवलं नाही. पाणीही विचारलं नाही. दमेकरी नवरा ओटीवरून उठून आत गेला.

आनंदा उभ्यानंच बोलला. ठाण्याच्या कामगार कोर्टात जाता येईल. वेळ लागेल, दोन वर्षं, तीन वर्षं. पण कोर्टात सांगायचं, की त्या दिवशी लिहिलं ते चुकीचं होतं, तुम्ही झोपला होतात.

"म्हंजे मी कँटीनच्या मागं सांगत व्हते तेच."

"हो."

"मग जज विचारील, आधी का गं खोटं बोललीस?"

"विचारील."

जनाबाईनं सूप खाली ठेवलं. "त्या कागदावर माज्या नावाच्या वर काय लिवलंय? मराठीत सांगा. आजवर कुणी सांगितलं न्हाय."

"मी पूर्ण जागी होते आणि विसावा घेत होते."

"जागी असते तर काम नसतं का केलं मी?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "बारा वर्षं जागी व्हते, बारा वर्षं काम केलं. एवढं साधं तुमाला कललं न्हाय, आनि सायबाच्या इंग्रजीतल्या चुका काढता व्हय?"

आनंदानं पिशवीतून कोर्टासाठी लिहून आणलेला अर्ज आणि कोरे कागद काढले. तो रात्रभर विचार करून आला होता. कोर्टात द्यायला तो स्वतःचा जबाब लिहून देणार होता, की बाईचा दोष नाही, तिला तसं बोलायला मी सांगितलं. हा कागद बाहेर आला की चौकशीच्या खोलीत त्याला पुन्हा कुणी बसू देणार नव्हतं. साक्षीदाराला खोटं पढवलं म्हणून त्याच्यावरच आरोपपत्र निघेल, हे युनियनच्या कोंडाजीनं त्याला स्वच्छ सांगितलं होतं. अर्ज आणि जबाब दोन्हीवर जनाबाईची सही लागेल, असं तो म्हणाला.

"अर्जावर करते. तुमच्या कागदावर माजी सही कशाला? तो तुमचा हाय. आनि मराठीत लिवा. लिवता लिवता वाचा, मोठ्यानं."

तो पायरीवर बसला. मांडीवर वही, वहीवर कागद. लिहायला लागला आणि वाचायला लागला. "मी, आनंदा भगवंत रोकडे, लिहून देतो की चौकशीच्या आदल्या दिवशी मी जनाबाईंना असा सल्ला दिला की—"

"थांबा," जनाबाई म्हणाली.

तो थांबला.

"सल्ला?"

आनंदानं मान वर केली नाही. 'सल्ला दिला' खोडून त्यानं वर बारीक अक्षरात लिहिलं, आणि वाचलं, "मी जनाबाईंना समजावलं की—"

"समजावलं व्हय? मी रडत व्हते, आनि तुमी समजावत व्हता?"

आतून तिच्या नवऱ्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. आनंदाच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. नऊ वर्षं तो दुसऱ्यांच्या तोंडातला नेमका शब्द मागत आला होता. आता कुणी त्याच्याकडून मागत होतं आणि सोडत नव्हतं.

"दम दिला," तो म्हणाला.

"लिवा."

त्यानं कागद फाडला. दुसरा घेतला, पहिल्यापासून लिहिलं, आणि त्या शब्दापाशी आल्यावर न अडखळता तो मोठ्यानं वाचला. जनाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग अर्जही तसाच मोठ्यानं वाचायला लावला, तो ओढून त्यावर आपलं नाव लिहिलं, कागद त्याच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाली, "आता जा तुमी."